कूळ वेगळं, रक्त एक

"एस एस," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि कागदावरच्या त्या दोन अक्षरांखाली त्यांनी पेनाने रेघ ओढली.

२००१ सालची दिवाळी नुकतीच झाली होती. नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, लहान मुलांच्या विभागात, सकाळी नऊपासून बाकावर बसून आमचा नंबर दुपारी एकला लागला होता. प्राची, माझी साडेचार वर्षांची मुलगी, मांडीवर बसून बिस्किट चोखत होती. मला वाटलं, एस एस हा रक्ताचा गट असेल. मी विचारलं, "मग कोणाचं रक्त चालेल हिला, मॅडम?"

"हा गट नाही," त्या म्हणाल्या. "हा आजार आहे. सिकल सेल. जन्मापासून आहे, जन्मभर राहील. पूर्ण बरा होत नाही, पण नीट सांभाळला तर मूल मोठं होतं, शाळेत जातं, सगळं करतं."

त्यातलं मला फक्त 'बरा होत नाही' एवढंच ऐकू आलं. रडू आलं नाही, राग आला. चार वर्षांत आम्ही या पोरीला सात डॉक्टर आणि दोन झाडफूक करणारे दाखवले होते. एकाच्याही तोंडून हे नाव निघालं नव्हतं. मी तसं मोठ्यानेच बोलून दाखवलं. बाहेरच्या बाकावरच्या बायका वाकून पाहू लागल्या. डॉक्टरबाईंनी मला बोलू दिलं आणि मग म्हणाल्या, "रागावून झालं की सांगा. मला तुम्हाला बरंच समजवायचं आहे."

त्यांनी जे समजवलं ते मला नीट समजायला वर्ष लागलं. तुमच्या हातात आज असा कागद पडला असेल, तर तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहायला बसले आहे. मी डॉक्टर नाही. गोंदियाकडे, कामठ्याजवळच्या गावात घरी शिवणकाम करते, बारावीपर्यंत शिकले आहे आणि स्वभावाने हट्टी आहे. त्या हट्टाबद्दल मी खूप बोलणी खाल्ली आहेत.

आधी आजार सांगते. रक्तातल्या लाल पेशींमध्ये हिमोग्लोबिन नावाचा पदार्थ असतो. तो अंगभर ऑक्सिजन पोचवतो. चांगल्या पेशी गोल आणि मऊ असतात, बारीक नळीतूनही सुळकन जातात. सिकल सेलमध्ये हिमोग्लोबिनची घडणच वेगळी असते. अंगात पाणी कमी झालं, थंडी लागली, ताप आला की या पेशी वाकड्या आणि कडक होतात. सिकल म्हणजे इंग्रजीत विळा. आम्हा धान कापणाऱ्यांना त्याचा आकार वेगळा सांगावा लागला नाही. या पेशी नळीत अडकतात, पुढे रक्त जात नाही आणि जिथे जात नाही तिथे दुखतं. डॉक्टर त्याला 'क्रायसिस' म्हणतात. शिवाय या पेशी लवकर मरतात, म्हणून रक्त कमी राहतं आणि डोळे पिवळे दिसतात.

हे ऐकताना प्राचीची चार वर्षं माझ्या डोळ्यांसमोर एकेक करून उलगडत गेली.

नऊ महिन्यांची असताना तिचे दोन्ही हात आणि पाय सुजले होते. बोटं अशी टरटरली होती की मूठ मिटत नव्हती. सासूने मोहाच्या बियांचं तेल कोमट करून सकाळ-संध्याकाळ चोळलं आणि वर कापड घट्ट बांधलं. पोर किंचाळायची आणि आम्ही म्हणायचो, तेल लागून राहिलं, आराम पडेल. ती सूज हीच या आजाराची पहिली खूण असते, हे मला आता माहीत आहे. डोळे पिवळे झाले तेव्हा कावीळ म्हणून मंतरलेली माळ गळ्यात घातली. रक्त कमी म्हणून एका डॉक्टरांनी लोहाचं टॉनिक दिलं आणि मी ते इमानेइतबारे दोन वर्षं पाजलं. नागपूरच्या डॉक्टरबाईंनी पहिलं काम केलं ते टॉनिक बंद करण्याचं. "हिच्या अंगात लोह कमी नाही. पेशी टिकत नाहीत, म्हणून रक्त कमी. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज, पाणी भरपूर, आणि ताप आला तर घरी थांबायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना."

मग त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. "आता तुमचंही रक्त घ्यायचं आहे."

प्राचीचे बाबा खुर्चीतून अर्धे उठले. "आमचं कायले? आमच्या घरी कोनालेच काही नाही. कूळभर विचारा."

"म्हणूनच घ्यायचं," त्या म्हणाल्या. "तुमचं नात्यात लग्न झालं आहे का?"

"हो. मामाची पोरगी केली," हे म्हणाले. ती मामाची पोरगी म्हणजे मी. माझी सासू माझ्या वडिलांची सख्खी बहीण. लग्नाआधी मी तिला आत्या म्हणायचे, अजूनही आत्याच म्हणते आणि 'तू' म्हणते. शेजारच्या बायकांना त्याची गंमत वाटते.

डॉक्टरबाईंनी टेबलावरचा कोरा कागद ओढला. त्यांनी सांगितलं, माणसाच्या अंगातली प्रत्येक गोष्ट कशी घडवायची याची सूचना पेशीत लिहिलेली असते. तिला जीन म्हणतात. प्रत्येक सूचना दोनदा असते, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. दोन्ही चांगल्या असल्या तर ते ए ए. दोन्ही सिकलच्या असल्या तर एस एस, म्हणजे आजार. एक चांगली आणि एक सिकलची असली तर ए एस. हा माणूस 'कॅरिअर', म्हणजे वाहक. त्याला आजार नसतो. तो नांगर धरतो, डोक्यावर पेंढ्या वाहतो, म्हातारा होतो आणि त्याला कधी कळतही नाही. पण मूल होताना तो आपल्या दोन सूचनांपैकी एकच पुढे देतो, आणि ती कोणती जाईल यावर कोणाचा ताबा नसतो.

"हिला एस एस आहे," त्या प्राचीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या. "एक एस तुमच्याकडून, एक तुमच्याकडून. कोणा एकाचा हा दोष नाही. दोषच नाही."

आठ दिवसांनी आमचे कागद आले. 'इलेक्ट्रोफोरेसिस' म्हणजे विजेच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून पाहायची तपासणी. त्यातून कळलं, दोघंही ए एस. गोंदियाच्या गाडीत हे खिडकीबाहेर पाहत बसले होते. आमगावकडची एक बाई प्राचीला पेरूची फोड देत होती. मी मनात एकच हिशोब करत होते, आणि तो प्राचीचा नव्हता.

माझी धाकटी बहीण ममता आणि माझा दीर खेमराज, ज्याला सगळे खेमू म्हणतात, यांचं लग्न येत्या वैशाखात काढायचं ठरलं होतं.

आम्ही पोवार समाजातले. आमच्याकडे सोयरीक करताना पहिल्यांदा कूळ विचारतात. एकाच कुळातले असले तर भाऊ-बहीण, लग्न होऊ शकत नाही. कूळ वेगळं असलं की रक्त वेगळं, असं सगळे धरून चालतात. मामाचं कूळ वेगळं, म्हणून मामाची मुलगी चालते. नुसती चालत नाही, घरातली म्हणून आवडते. सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा झाल्या तर घर फुटत नाही, असं आत्या नेहमी म्हणायची. ममता नऊ-दहा वर्षांची असल्यापासून तिला खेमूच्या नावाने चिडवायचे. आणि त्या दोघांनाही ते चिडवणं आवडायला लागलं होतं, हे सगळ्यांना दिसत होतं.

आता पाहा. कूळ बापाकडून चालतं. आत्या लग्न होऊन आली, तिचं कूळ बदललं. पण तिच्या पेशीतली सूचना काही लग्नात बदलली नाही. माझ्या आजोबांकडून किंवा आजीकडून एक एस आत्यात आला, एक माझ्या वडिलांत. आत्याकडून माझ्या नवऱ्यात, वडिलांकडून माझ्यात. दोन कुळांची नावं वेगळी, आत वस्तू एकच. कूळ पाहून आम्ही सोयरीक जपतो आणि ज्या वाटेने हे येतं ती वाट मोजतच नाही.

घरी आल्यावर मी आत्याला सगळं सांगितलं. ती सुपात तांदूळ पाखडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माहेरचं रक्त कच्चं निघालं म्हनून असं..."

"कोनाचं माहेर, आत्या?" मी विचारलं.

ती थांबली. तिचं माहेर आणि माझं माहेर एकच, त्याच घरात दोघी वाढलेल्या. एरवी सासवा सुनांना जे ऐकवतात ते तिला ऐकवता येत नव्हतं. सूप उचलून ती अंगणात गेली. त्या दिवशी मला हसू आलं होतं, हे कबूल करते.

पण मी जेव्हा म्हटलं, "खेमू आन ममताचं रक्त पाहिल्याशिवाय लगन करू नका," तेव्हा कोणी हसलं नाही. आत्या म्हणाली, कूळ वेगळं असताना रक्त एक कायचं? हे म्हणाले, दुसऱ्याच्या लगनात तू कायले पडतेस? माझे वडील खास तिरोड्याकडून आले, चहाला हात लावला नाही आणि म्हणाले, "तुया घरी एक बिमार हाये, म्हनून बहिनीचं बी मोडतेस का?"

ते बोलणं मला लागलं. फार लागलं. बापाने तसं म्हणावं याचं दुःख आजही आहे. पण मी प्राचीचे पाय धरून बसलेल्या रात्री मोजल्या होत्या. ममताच्या पोटी असं लेकरू येऊ शकतं हे मला माहीत असताना मी गप्प बसले असते, तर तिला तोंड कसं दाखवलं असतं? मी वडिलांना म्हटलं, "मोडा म्हनत नाही. पाहा म्हनते." ते उठून गेले.

महिन्याभराने माझ्या माहेरी मंडई होती. आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, पाव्हणे येतात, रात्री दंडारीचं लोकनाट्य होतं. प्राचीचा हट्ट आणि माझं मन, दोन्ही मोडवलं नाही. मी तिला नेलं. ही माझी चूक. पोर दिवसभर पाळण्याभोवती धावली, मी बायकांत बोलत बसले, पाणी किती प्याली ते पाहिलं नाही. संध्याकाळी गार वारा सुटला तेव्हा तिच्या अंगात नुसता फ्रॉक होता. डॉक्टरबाईंनी सांगितलेल्या सगळ्या गोष्टी मी एकाच दिवसात मोडल्या.

दुसऱ्या सकाळी पाय दुखायला लागले, मग पोट. गोंदियाच्या दवाखान्यात भरती केलं.

पहिला दिवस सलाईन आणि दुखणं कमी करायचं औषध. दुसरा दिवस तसाच. ती रडायची थांबली होती आणि ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटत होतं. तिसऱ्या दिवशी ताप, खोकला, छातीचा एक्स-रे. डॉक्टर म्हणाले, छातीत इन्फेक्शन आहे, हिमोग्लोबिन खूप उतरलंय, रक्त द्यावं लागेल.

खेमू तिथेच होता. त्याचा गट जुळत होता. पुतणीसाठी बाही वर करून तो रक्तपेढीत गेला, मी मागे. तिथला टेक्निशियन कागद वाचून म्हणाला, "पेशंट सिकल का है ना? तो डोनर का भी सिकल टेस्ट पहले होगा. कॅरिअर का खून इसको नहीं देंगे."

खेमूने माझ्याकडे पाहिलं. घरात महिनाभर ज्या तपासणीवरून भांडण चाललं होतं, ती त्याच्यासमोर अशी येऊन उभी राहिली. तो म्हणाला, "करा ना जी. लवकर करा."

त्या तपासणीला 'सॉल्युबिलिटी' म्हणतात. काचेच्या नळीत औषधाचं पाणी असतं, त्यात रक्ताचे थेंब टाकतात आणि थोडा वेळ ठेवतात. नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरला आणि रेघा दिसल्या, तर सिकल नाही. पाणी गढूळ होऊन रेघा दिसल्या नाहीत, तर आहे. टेक्निशियनने आधी दुसऱ्या कोणाची नळी दाखवली, रेघा स्पष्ट होत्या. मग खेमूची धरली.

खेमू वाकून पाहत राहिला. रेघा नव्हत्या.

रक्त मग प्राचीच्या बाबांच्या मित्राने दिलं. खेमू बाहेर बाकावर बसला होता. मी शेजारी बसले तर म्हणाला, "वयनी, मायं बी तेच निंगालं."

"पक्कं नागपूरले कळंन," मी म्हटलं. "पन तू चांगला हायेस. तुले काही होत नाही."

"मले होत नाही, ते समजलं," तो म्हणाला. "ममताले मी सांगतो. तुमी सांगू नका."

त्याने सांगितलं. दोन दिवसांनी ममता दवाखान्यात आली आणि प्राचीजवळ बसून राहिली. प्राचीला रक्त चढलं होतं, पण पाय अजून दुखत होते. दुपारी ती ममताला म्हणाली, "मावशी, माये पाय थोडा वेळ काढून ठेव ना."

ममताने तिच्या पायांवर हात ठेवला. मग उठली, मला न सांगता खाली गेली आणि रक्त तपासायला देऊन आली. तिच्याही नळीत रेघा दिसल्या नाहीत. पुढे दोघांचेही नागपूरचे कागद आले. ए एस, ए एस.

नवव्या दिवशी प्राचीला घरी सोडलं. आता आत्याला पटेल असं मला वाटलं होतं. पण आत्याने वेगळाच हिशोब मांडला. कोणीतरी तिला सांगितलं होतं की असे दोघं असले तर चारात एक मूल आजारी होतं. ती म्हणाली, "मंग काय झालं? तुयी एक बिमार झाली, आता पुढचे तीन चांगले. आन त्याईचं पयलंच बिमार काऊन होईन?"

हा घोटाळा मी पुढे पुष्कळ घरांत पाहिला आहे, म्हणून नीट सांगते. मी शिवणाच्या डब्यातून बटणं काढली. दोन वाट्या घेतल्या. एक आई, एक बाप. दोन्ही वाट्यांत एक पांढरं आणि एक लाल बटण टाकलं. आत्याला म्हटलं, डोळे मीट आणि दोन्हींतून एकेक काढ. दोन्ही पांढरी आली तर मूल ए ए. एक लाल, एक पांढरं आलं तर वाहक. दोन्ही लाल आली तर प्राची.

पहिल्यांदा लाल-पांढरं आलं. ती म्हणाली, "पाह्य, चांगलं आलं."

"बटनं परत टाक," मी म्हटलं.

"परत कायले?"

"आता दुसरं लेकरू. आईबापाच्या अंगातून काही कमी होत नाही, आत्या. दर खेपेला वाट्या भरलेल्याच."

तिने बटणं उचलली. मग परत टाकली, परत काढली. दोन्ही लाल. पुन्हा टाकली, पुन्हा काढली. पुन्हा दोन्ही लाल. प्राची बाजूला बसून पाहत होती आणि तिला तो खेळ वाटत होता. "आजी, मीच आली," ती म्हणाली. आत्याने बटणं वाटीत ठेवली आणि पुढे काढली नाहीत.

चारात एक म्हणजे चारांपैकी एकाने सगळ्यांचं भोगून टाकलं, असं नाही. प्रत्येक वेळी नव्याने चारात एक. चारही चांगली होऊ शकतात, चारही आजारी होऊ शकतात. आणि एकच जण वाहक असेल, दुसरा ए ए असेल, तर एकही मूल आजारी होत नाही, फार तर वाहक होतं. ममताने आणि खेमूने लग्नच करू नये असं कोणी म्हणत नव्हतं. एकमेकांशी केलं तर काय होऊ शकतं, एवढाच प्रश्न होता. काही जोडपी तरीही लग्न करतात आणि गर्भ राहिल्यावर तपासून घेतात. तोही मार्ग आहे आणि तो घेणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. आम्हाला तो झेपला नसता. आम्ही प्राचीनंतर दुसरं मूल होऊ दिलं नाही. ममता आणि खेमूला त्याबद्दल विचारलं तेव्हा ममता म्हणाली, तपासून काढून टाकायचं माझ्याच्याने होणार नाही.

आत्या चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी लुगडं बदलून समोर उभी राहिली. "चाल. मायं बी रक्त काढून पाहू."

"तुयं कायले?"

"मले पाहाचं हाये."

तिचाही कागद आला, ए एस. साठीच्या घरातली बाई, आयुष्यात कधी सुई टोचून घेतली नव्हती. तिने मला तो दोनदा वाचायला लावला. मग घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला.

माझ्या वडिलांनी तारीख धरायला नातलग बोलावले होते. त्यांच्या मते तपासणी-बिपासणी हा माझा खूळपणा होता आणि लग्न होणारच होतं. ममताने आपला कागद त्यांना अजून दाखवला नव्हता. तिची हिंमत होत नव्हती आणि मी तिला दोष देत नाही. आमच्याकडे सोयरीक मोडली की मुलीचंच नाव खराब होतं. पोरीत काहीतरी असेल, असं लोक म्हणतात आणि ते तिला जन्मभर चिकटतं. ती भीती खरी होती.

आत्या आणि मी माहेरी पोचलो तेव्हा ओसरीवर दहा-बारा माणसं बसली होती. आत्याने पाणी घेतलं, पण ती बसली नाही. उभ्यानेच माझ्या वडिलांना म्हणाली, "भाऊ, तुयी पोरगी मी नाही नेत."

वडिलांनी विचारलं, "काऊन?"

"दोष मायात हाये. मायातून मोठ्यात गेला, मायातून खेमूत गेला. हा पाह्य कागद." तिने पिशवीतून कागद काढून त्यांच्या हातात दिला. "प्राचीचे हाल मी पाहून राहिली. जानूनबुजून तुया पोरीले त्यात नाही घालत. लोकाईनं विचारलं तं सांग, आत्याच्या घरचंच रक्त बिघडलं होतं."

ममताच्या कागदाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. तो कागद तिने पाहिला होता. सगळा डाग तिने स्वतःवर आणि आपल्या मुलावर घेतला. नातलगांतले दोघं-तिघं तिला काय काय बोलले, बहीण असून भावाचा पाणउतारा केला म्हणाले. तिने उलट उत्तर दिलं नाही. हट्टी मी आहे असं मी समजत होते. त्या दिवशी कळलं की हा हट्टही आम्हा दोघींना त्या एकाच माहेरातून आला असणार.

बसमध्ये मात्र तिने पदर तोंडाला लावला आणि गोंदिया येईपर्यंत काढला नाही. मी तिचा हात धरून बसले होते. त्या दिवसापासून ती माझी सासू कमी आणि आत्या जास्त झाली.

ममता आणि खेमूला ते सोपं गेलं नाही. खेमू ममताच्या लग्नाला आला नाही. ममताने पाहायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला स्वतः सांगितलं, मी वाहक आहे, तुमचं रक्त तपासा. दोघं चहा पिऊन गेले आणि परत आले नाहीत. तिसरा तपासून आला, ए ए. तिला दोन मुलं झाली, एक वाहक आहे, एकही आजारी नाही. खेमूने देवरीकडची मुलगी केली, तीही तपासूनच. माझ्या वडिलांनी मंडईनंतरच्या दुसऱ्या वर्षी मुकाट्याने आपलं रक्त दिलं आणि ए एस चा कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "घे." माफी वगैरे मागायची आमच्याकडे पद्धत नाही. मी घेतला.

प्राचीचं सांगते. ती अजूनही दर दोन-तीन महिन्यांनी दुखणं काढते. पाचवीत असताना हायड्रॉक्सियुरिया नावाची कॅप्सूल सुरू झाली. त्या औषधाने पेशी वाकड्या व्हायचं प्रमाण कमी होतं, पण रक्त वारंवार तपासावं लागतं आणि स्वतःच्या मनाने घ्यायची नसते. त्यामुळे दवाखान्याच्या फेऱ्या निम्म्यावर आल्या. न्यूमोनियाच्या लसी घेतल्या. शाळेत मास्तरांना भेटून सांगितलं की ही पोरगी पाण्याची बाटली बाकावर ठेवेल आणि लघवीला विचारेल तेव्हा जाऊ द्यायचं. एका मास्तरांशी त्यावरून माझं वाजलं, ते वेगळं. दहावीच्या परीक्षेत गणिताच्या आदल्या दिवशी तिला सलाईन लागलं होतं. हाताला पट्टी असतानाच तिने पेपर दिला आणि पास झाली.

तुमच्या घरी हा कागद आला असेल तर तीनच गोष्टी मनापासून सांगते. मुलाला पाणी पाजत राहा. ताप आला की वाट पाहू नका. आणि आपल्या भावंडांची, त्यांच्या मुलांची तपासणी लग्न ठरायच्या आधी करून घ्या. लोक बोलतील. बोलू द्या. आता आमच्या भागात शाळांतून तपासणी होते, कार्ड मिळतं. आमच्या वेळी ते नव्हतं. आज आत्याच सोयरीक घेऊन आलेल्या माणसाला कुळाआधी कार्ड विचारते, आणि नाही म्हटलं तर चहाही करू देत नाही.

डॉक्टरबाईंचं, त्या रक्तपेढीतल्या टेक्निशियनचं, यांच्या मित्राचं देणं माझ्यावर आहे. आत्याचं तर आहेच. एवढं लिहून मी थांबणार होते. पण गेल्या वर्षीची एक गोष्ट राहिली, आणि ती लिहिली नाही तर हे खरं होणार नाही.

प्राची बारावीला होती. आनुवंशिकतेचा धडा वाचत दुपारी माझ्या मशीनजवळ बसली होती. वाचता वाचता म्हणाली, "आई, मावशी आन काकाचं लग्न तू होऊ दिलं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

"का तं माझ्यासारखं लेकरू होऊ नये."

मी मशीन थांबवलं. म्हटलं, "हो."

"मग तुझ्या आन बाबाच्या लग्नाच्या वेळी कोनी असंच आडवं आलं असतं, तर मी झालीच नसती."

तेरा वर्षांत मी या आजाराबद्दल तिच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. सुईने दुखणार नाही असंही कधी म्हटलं नव्हतं. आताही खरं तेच म्हटलं, "नसती झालीस."

तिने पानावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "तुमच्या वेळी कोनाला माहीत नव्हतं, ते बरं झालं. आन मावशीच्या वेळी तुला माहीत होतं, ते बी बरं झालं."

"दोन्ही बरं कसं होईन, बाई?" मी विचारलं.

"होऊ शकते," ती म्हणाली आणि तिने पुढचं पान उलटलं.